ऑक्टेव्ह-मॅटलॅबमधे मॅट्रिक्स आडवीची उभी करताना: एक कोट, एक टिंब आणि मधे होणारे घोळ

ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅब, म्हणजे मॅट्रिक्सची (ओळी-कॉलममधे मांडलेल्या आकड्यांच्या चौकटींची) गणितं करायच्या भाषा, नवीन नवीन शिकायला घेतलं की ट्रान्सपोज हा पाच मिनिटांचा विषय वाटतो, आडव्या ओळी उभ्या करायच्या, उभे कॉलम आडवे करायचे, त्यासाठी नावाच्या पुढे एक सिंगल कोट टाकायचा की झालं. तसं बघितलं तर आहेही तेवढंच. पण दुसऱ्यांच्या प्रोग्राममधली चुकीची उत्तरं शोधत बसायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा येते, आणि माग काढत गेलं की फार वेळा शेवटी हा एकच कोट सापडतो, कुठेतरी नको तिथे पडलेला किंवा हवा तिथे राहून गेलेला. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, अगदी पहिल्यापासून, सोबत मशीनवर करून बघत बघत वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

ऑक्टेव्ह फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि खाली लिहिलेलं जवळजवळ सगळं मॅटलॅबमधेही जसंच्या तसं चालतं. एक गोष्ट आधीच सांगते, मी इथे नावं आणि आकडे देवनागरीत लिहिलेत पण ऑक्टेव्हला ते चालत नाही, व्हेरिएबलची आणि फंक्शनची नावं इंग्रजी अक्षरांतच लागतात आणि आकडेही इंग्रजीच, त्यामुळे 'दूध' जिथे दिसेल तिथे तुम्ही इंग्रजीत टाइप करा. चिन्हं मात्र जशी आहेत तशीच टाकायची, टिंब म्हणजे टिंब आणि कोट म्हणजे कोट.

आधी एक मॅट्रिक्स घेऊ

एखाद्या डेअरीच्या वहीसारखा हिशोब धरू. तीन शेतकरी आहेत, चार दिवस आहेत, कोणी कुठल्या दिवशी किती लिटर दूध घातलं ते लिहायचंय. आकडे माझे मनचे आहेत.

दूध = [१२ १४ ११ १३; ८ ९ ७ ८; २० १८ २१ १९]

चौकोनी कंसात स्पेस दिली की पुढचा कॉलम, अर्धविराम दिला की पुढची ओळ. म्हणजे इथे प्रत्येक आडवी ओळ एका शेतकऱ्याची आणि प्रत्येक उभा कॉलम एका दिवसाचा. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, मी गंमत म्हणून सांगत नाहीये, ओळ म्हणजे काय आणि कॉलम म्हणजे काय हे ज्याला तोंडी सांगता येत नाही त्याने कोटला हातच लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आकार बघा:

साइझ(दूध)

उत्तर ३ ४ येतं, आधी ओळी मग कॉलम, नेहमी याच क्रमाने. दहावीत निश्चयक सोडवताना दोन बाय दोनची चौकट मांडलेली आठवत असेल, ती दोन्हीकडून सारखीच असायची त्यामुळे कुठला आकडा ओळींचा आणि कुठला कॉलमचा याचा विचार करायची गरजच पडायची नाही, इथे पावलोपावली पडते.

आता कोट

दूध'

एंटर मारलं की समोर हे येतं:

१२ ८ २०
१४ ९ १८
११ ७ २१
१३ ८ १९

तीन बाय चारची चार बाय तीन झाली. पहिल्या शेतकऱ्याची जी ओळ आडवी होती ती पहिला कॉलम होऊन उभी राहिली. दुसऱ्या ओळीत तिसऱ्या जागी असलेला ७ आता तिसऱ्या ओळीत दुसऱ्या जागी गेला, दोन नंबरांची अदलाबदल, बाकी काही नाही. आता ओळ म्हणजे दिवस आणि कॉलम म्हणजे शेतकरी.

मूळ दूध तसंच आहे हे लक्षात ठेवा. नुसतं दूध' लिहिल्याने दूध बदलत नाही, नवीन मॅट्रिक्स तयार होऊन ती आन्स नावाच्या तात्पुरत्या व्हेरिएबलमधे जाते. ठेवायची असेल तर नाव द्यायचं, जमलं तर नवीन नाव द्यायचं. दूध = दूध' असंही लिहिता येतं पण मी ते टाळते, कारण स्क्रिप्टचा तो तुकडा चुकून दोनदा चालवला की मॅट्रिक्स परत पहिल्यासारखी होते आणि पुढचं सगळं उलटं चालतं, आणि हे चुकून दोनदा चालवणं रोज घडणारी गोष्ट आहे.

कोट टाइप करण्याबद्दल दोन बारीक गोष्टी. एक म्हणजे व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या कोडमधे कोट वाकडा झालेला असतो, तो दिसायला छान दिसतो पण ऑक्टेव्हला तो ओळखता येत नाही आणि पार्स एरर येते. मास्तरांनी ग्रुपवर टाकलेला कोड चालत नसेल तर आधी सगळे कोट खोडून हाताने परत टाका. दुसरी गोष्ट म्हणजे कोट नावाला चिकटूनच हवा. तोच कोट शब्द म्हणजे स्ट्रिंग लिहायलाही वापरतात ना, त्यामुळे चौकोनी कंसाच्या आत [अ' ब'] लिहिलं तर दोन्हीचा ट्रान्सपोज होतो, पण [अ ' ब'] असं मधे स्पेस देऊन लिहिलं की त्याला वाटतं इथून स्ट्रिंग सुरू झाली. कंसाबाहेर स्पेस पडली तर चालून जातं, आत नाही. त्यामुळे सवय चिकटवून लिहायचीच लावून घ्यायची.

पाढ्यांवर हात बसवा

दोन ते तीस पाढे आपण सगळ्यांनी घोकलेत, तेच एका ओळीत काढू:

(१:१०)' * (२:३०)

१:१० म्हणजे एक ते दहा आकडे आडव्या ओळीत. त्याला उभं केलं, त्याला २ ते ३० च्या आडव्या ओळीने गुणलं, आणि दहा ओळी एकोणतीस कॉलमची मॅट्रिक्स आली, पहिला कॉलम बेचा पाढा, दुसरा तीनचा, शेवटचा तीसचा. उभा गुणिले आडवा म्हणजे पूर्ण तक्ता. उलट आडवा गुणिले उभा केलं आणि दोघांची लांबी सारखी असली तर एकच आकडा येतो, जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज. म्हणजे त्याच दोन याद्या, फक्त कोट कोणावर पडला त्यावरून एकदा तक्ता आणि एकदा एक आकडा. हे दोन्ही एकदा स्वतः करून बघा, [१ २ ३]' * [४ ५ ६] आणि [१ २ ३] * [४ ५ ६]', दुसऱ्याचं उत्तर ३२ यायला पाहिजे.

वर १:१० भोवती कंस का घातला? कारण कोट कोलनच्या आधी लागू होतो. १:१०' असं लिहिलं तर कोट फक्त १० ला लागतो, दहाचा ट्रान्सपोज दहाच, मग १:१० पहिल्यासारखी आडवीच राहते. एरर येत नाही, काहीच येत नाही, तुम्हाला वाटतं उभी झाली. नवीन लोकांच्या बाबतीत ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिलीय.

अजून एक, फॉर लूपमधे उभी यादी दिली तर लूप एकदाच फिरतो. फॉर दिवस = (१:४)' लिहून बघा, दिवसमधे एकदम चारही आकडे येतात आणि संपलं, कारण इथला फॉर कॉलम-कॉलमने चालतो, एका फेरीला एक कॉलम, आणि उभ्या यादीत कॉलम एकच. लूप चालत नाही अशी तक्रार असेल तर यादी आडवी आहे का ते आधी बघा.

गुणाकाराला बसवताना

आता दर आणू. प्रत्येक शेतकऱ्याच्या दुधाचा फॅटप्रमाणे दर वेगळा, लिटरला ३५, ३८ आणि ३६ रुपये.

दर = [३५ ३८ ३६]

रोजचे पैसे किती द्यायचे? दर एक बाय तीन, दूध तीन बाय चार, मधले दोन आकडे तीन आणि तीन जुळतात, म्हणून दर * दूध चालतं आणि एक बाय चार उत्तर येतं: १४४४ १४८० १४०७ १४४३. पहिल्या दिवसाचं हाताने ताडून बघा, ३५ गुणिले १२ म्हणजे ४२०, ३८ गुणिले ८ म्हणजे ३०४, ३६ गुणिले २० म्हणजे ७२०, एकूण १४४४. बरोबर.

समजा दर फाइलमधून वाचला आणि तो उभा आला, तीन बाय एक. मग दूध * दर केलं तर ऑक्टेव्ह नॉनकन्फॉर्मंट आर्ग्युमेंट्स म्हणून ओरडतं आणि सोबत दोघांचे आकार सांगतं, ३×४ आणि ३×१. मॅटलॅब म्हणतं इनकरेक्ट डायमेन्शन्स. इथे दूध' * दर केलं की चार बाय तीन गुणिले तीन बाय एक, चार बाय एक, तेच चार आकडे उभे येतात. गणितात शिकवतात ना की गुणाकाराचा ट्रान्सपोज घेतला की क्रम उलटतो, ते हेच, (दर आडवा * दूध)' म्हणजे दूध' * दर आडवा'.

आता खरी काळजीची गोष्ट. एरर आली की बरेच जण काय करतात, इकडे एक कोट टाकून बघतात, नाही चाललं तर तिकडे टाकतात, चाललं की पुढे जातात. तीन बाय चार असेल तोपर्यंत हे एकवेळ निभावून जातं कारण आकार चुकीच्या गोष्टी अडवतात. पण मॅट्रिक्स चौरस झाली की अडवणारं कोणी राहत नाही. करून बघू, पहिले तीनच दिवस घ्या:

दू३ = दूध(:, १:३)

तीन शेतकरी, तीन दिवस, तीन बाय तीन. दर * दू३ केलं की १४४४ १४८० १४०७, बरोबर उत्तर. दर * दू३' केलं की १३४८ ८७४ २१४०. कसलीही एरर नाही, तीन आकडे आले, दिसायलाही रुपयांसारखेच दिसतात. पण इथे पहिल्या शेतकऱ्याचा दर पहिल्या दिवसाला लावलाय, दुसऱ्याचा दुसऱ्या दिवसाला, त्याला काही अर्थच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिन्हीची बेरीज करा, बरोबर उत्तराची ४३३१ येते आणि चुकीच्याची ४३६२. फक्त ३१ रुपयांचा फरक! एवढा फरक कोणीही राउंडिंग म्हणून, कुठेतरी एक लिटर इकडेतिकडे झालं म्हणून सोडून देईल, आणि आत तर शेतकऱ्यांचा हिशोब पूर्ण विस्कटलेला आहे. एकूण बेरीज जुळतेय म्हणून विश्वास ठेवू नका, आतला एक तरी आकडा हाताने काढून ताडा.

म्हणून मी दोन गोष्टी पाळते आणि तुम्हालाही कळकळीने सांगते. प्रोग्राम लिहिताना तपासणीसाठी कधीच चौरस मॅट्रिक्स घेऊ नका, तीन बाय चार घ्या, दोन बाय पाच घ्या, म्हणजे कोट चुकला की मशीन स्वतःच अडवेल. आणि व्हेरिएबलच्या नावात क्रम लिहा, दूध_शेतकरी_दिवस असं, लांब वाटलं तरी. ट्रान्सपोज केला की नाव दूध_दिवस_शेतकरी. सहा महिन्यांनी तोच कोड उघडला की हे नाव तुमचा अख्खा दिवस वाचवतं.

बेरजेसाठी कोट नको

सम(दूध) केलं की ४० ४१ ३९ ४० येतं, म्हणजे रोजचं एकूण, कारण सम प्रत्येक कॉलमची बेरीज करतं. शेतकऱ्यांची वेगवेगळी बेरीज हवी असली की नवीन माणूस सम(दूध') लिहितो. चालतं, पण सम(दूध, २) लिहा, त्यातला २ म्हणजे दुसऱ्या दिशेने बेरीज, ५० ३२ ७८ असं उभं उत्तर येतं आणि मॅट्रिक्स उगाच फिरवावी लागत नाही. मीन, मॅक्स वगैरेंनाही दिशा देता येते, मॅक्समधे मात्र मधे एक रिकामा चौकोनी कंस द्यावा लागतो, मॅक्स(दूध, [], २) असा.

आणि इथेच एक खड्डा आहे. आडव्या यादीतून उभी यादी वजा केली तर पूर्वी एरर यायची, आता येत नाही. ऑक्टेव्हमधे ३.६ पासून आणि मॅटलॅबमधे २०१६ च्या दुसऱ्या रिलीजपासून दोन्ही आपोआप पसरवून घेतात, त्यामुळे एक बाय चारमधून चार बाय एक वजा केलं की चार बाय चारचा तक्ता हातात पडतो. चार फरक हवे होते, सोळा आले. सोय म्हणून ही गोष्ट छानच आहे, पण वजाबाकीच्या आधी दोघांची साइझ बघून घ्या, नाहीतर पुढे त्या सोळाची सरासरी काढली जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

टिंब कोट आणि नुसता कोट

आता लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे सावकाश वाचा.

ट्रान्सपोजची चिन्हं दोन आहेत. एक नुसता कोट ' आणि दुसरं टिंब-कोट .' असं. साधे आकडे असतील तर दोघांत काडीचाही फरक नाही. पण कॉम्प्लेक्स नंबर आले, म्हणजे ज्यांत वर्गमूळ उणे एकचा आय असतो ते, की नुसता कोट दोन कामं करतो: मॅट्रिक्स फिरवतो आणि प्रत्येक आकड्याच्या आयवाल्या भागाचं चिन्हही उलटं करतो. टिंब-कोट फक्त फिरवतो.

झ = [१+२आय ३-४आय]

झ' दिलं की उभं १-२आय आणि ३+४आय येतं. झ.' दिलं की उभं १+२आय आणि ३-४आय, जसं होतं तसं.

मग सोपं चिन्ह या उद्योगी कोटला का दिलं असा प्रश्न पडतो. त्याला कारण आहे. झ * झ' करून बघा, ३० येतं, म्हणजे ५ आणि २५ ची बेरीज, दोन्ही नंबरांच्या लांबीचे वर्ग. झ * झ.' करून बघा, उणे १० उणे २०आय येतं. एखाद्या गोष्टीच्या लांबीचा वर्ग उणे आणि वर आयवाला कसा असेल? कॉम्प्लेक्स नंबरांच्या जगात लांबी, कोन, लीस्ट स्क्वेअर्स हे सगळं चिन्ह उलटवणाऱ्या ट्रान्सपोजवरच उभं आहे, त्यामुळे मॅट्रिक्सचं गणित करणाऱ्यांसाठी तोच मुख्य ट्रान्सपोज. मॅटलॅब मुळात क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यू मेक्सिको विद्यापीठात लिहिलं ते विद्यार्थ्यांना फोरट्रान ही जुनी प्रोग्रामिंगची भाषा न शिकता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत म्हणून, त्यामुळे तिथे गणिताचं सोपं आणि डेटा फिरवणाऱ्यांचं एक टिंब जास्त.

आणि आपण बहुतेक जण डेटाच फिरवत असतो. माझ्या प्रोजेक्टच्या वेळची गोष्ट सांगते. देवळातल्या घंटेचं रेकॉर्डिंग घेतलं होतं, त्याचं एफएफटी (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणारं गणित) करायचं, नको त्या फ्रिक्वेन्सी काढायच्या आणि परत आवाज तयार करायचा. एफएफटीचं उत्तर उभं होतं, मला आडवं हवं होतं, मी नुसता कोट टाकला. परत आवाज केला आणि हेडफोन लावले तर आधी गुंजन हळूहळू वाढत आलं आणि शेवटी ठण्णकन टोला पडला. आवाज उलटा झाला होता! पूर्ण संध्याकाळ मी फिल्टरमधे चूक शोधली, माइकवर संशय घेतला, फाइल परत रेकॉर्ड केली. कारण एवढंच होतं की साध्या आवाजाच्या एफएफटीमधे सगळीकडे आयचं चिन्ह उलटं केलं की काळ उलटा होतो, आणि ते काम त्या कोटने बिनबोभाट केलं होतं. टिंब टाकलं, टोला आधी आला, मागून गुंजन विरत गेलं. तो आवाज परत परत ऐकला मी त्या रात्री.

त्या दिवसापासून माझा नियम, आकडे फक्त फिरवायचे असतील तर टिंब-कोट, मग ते साधे असोत की कॉम्प्लेक्स. गणितातला चिन्ह उलटवणारा ट्रान्सपोज खरोखर हवा असेल तेव्हाच नुसता कोट. असं केलं की कोड वाचणाऱ्यालाही कळतं की इथे काय मनात होतं. वर मी दूधाच्या उदाहरणात नुसता कोट वापरला कारण पुस्तकांत, व्हिडिओत सगळीकडे तोच दिसतो आणि तुम्हाला तो ओळखता यायला हवा. चिन्हांऐवजी शब्दही वापरता येतात, ट्रान्सपोज(झ) म्हणजे टिंब-कोट आणि सीट्रान्सपोज(झ) म्हणजे नुसता कोट, त्यातला सी चिन्ह उलटवण्याचा. मॅट्रिक्समधे कॉम्प्लेक्स काही शिरलंय का अशी शंका असेल तर इझरिअल(झ) विचारा, शून्य आलं तर सावध.

रीशेप म्हणजे ट्रान्सपोज नव्हे

आकार बदलायचाय म्हणून काही जण रीशेप(दूध, ४, ३) करतात. आकार चार बाय तीनच येतो, पहिला आकडाही १२ च असतो, त्यामुळे बघून फसायला होतं. पण आत येतं हे:

१२ ९ २१
८ १८ १३
२० ११ ८
१४ ७ १९

पहिल्या कॉलममधे तिन्ही शेतकऱ्यांचा पहिला दिवस आणि पहिल्या शेतकऱ्याचा दुसरा दिवस एकत्र झाला. असं का, तर कॉम्प्युटरच्या मेमरीत ही मॅट्रिक्स कॉलम-कॉलमने ठेवलेली असते, १२ ८ २० मग १४ ९ १८ अशी, फोरट्रानमधून आलेली पद्धत, आणि रीशेप मेमरीतला क्रम अजिबात न हलवता फक्त नव्या मापाने परत कॉलम पाडतो. आकडे खरोखर जागा बदलतात ते ट्रान्सपोजमधे.

हा कॉलमचा क्रम दोन ठिकाणी हमखास भेटतो. दूध(:) लिहिलं की सगळे आकडे एका उभ्या रांगेत येतात, पण कॉलमच्या क्रमाने. शेतकऱ्याच्या ओळीप्रमाणे हवे असतील तर आधी टी = दूध.' आणि मग टी(:). दुसरं ठिकाण म्हणजे एफप्रिंटएफ, आकडे ठरवलेल्या मांडणीत छापणारं फंक्शन. चार-चार आकड्यांच्या ओळी छापायला सांगितलं आणि दूध दिलं, तर पहिल्या ओळीत १२ ८ २० १४ छापलं जातं, वहीशी काही मेळच नाही. तिथे दूध.' द्यायचं, मग १२ १४ ११ १३, ८ ९ ७ ८ असं वहीसारखं छापतं. एफस्कॅनएफने फाइल वाचतानाही तसंच, वाचून झाल्यावर एकदा फिरवावं लागतं. ग्राफ काढतानाही प्लॉट(दूध) केलं की प्रत्येक कॉलमची एक रेघ म्हणजे दिवसाची एक रेघ येते, आपल्याला सहसा शेतकऱ्याची रेघ हवी असते, म्हणून प्लॉट(दूध.').

तीन दिशांचा डेटा

सकाळचं दूध एका पानावर आणि संध्याकाळचं दुसऱ्या पानावर ठेवलं तर मॅट्रिक्स तीन बाय चार बाय दोन होते. यावर कोट टाकला की एरर, आणि ते रास्तच आहे, तीन दिशांतल्या कुठल्या दोन बदलायच्या हे त्याला कसं कळणार. इथे परम्यूट वापरायचं, स्पेलिंग पी ई आर एम यू टी ई:

परम्यूट(दूध, [२ १ ३])

म्हणजे आता दुसरी दिशा पहिली कर, पहिली दुसरी कर, तिसरी तशीच ठेव. प्रत्येक पानाचा वेगळा ट्रान्सपोज झाला. परम्यूट फक्त जागा बदलतं, आयच्या चिन्हाला हात लावत नाही, म्हणजे हे टिंब-कोटचं भावंड. मॅटलॅबमधे २०२० च्या दुसऱ्या रिलीजपासून पेजट्रान्सपोज नावाचं तयार फंक्शनही आहे. मॅटलॅबमधलं टेबल, म्हणजे कॉलमला नावं असलेला तक्ता, तोही कोटने फिरत नाही, त्याला रोज-टू-व्हार्स नावाचं फंक्शन आहे, त्यात टूच्या जागी २ आकडा टाकायचा.

मोठ्या मॅट्रिक्सची काळजी करणाऱ्यांसाठी एवढंच, दूध' * दर असं एका ओळीत लिहिलं तर फिरवलेली वेगळी कॉपी तयार होत नाही, गुणाकार करणाऱ्या लायब्ररीलाच सांगितलं जातं की हिला फिरवलेली समज. आधी वेगळ्या नावात फिरवून ठेवली आणि मग गुणलं तर मात्र कॉपी होते. हजारभर ओळींपर्यंत याचा विचारही करू नका.

दुसऱ्या भाषेत जाताना

आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प ज्या सायलॅबचा, म्हणजे ऑक्टेव्हसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रसार करतो त्यात दोन्ही चिन्हं अशीच आहेत, ' आणि .', अर्थही तेच, त्यामुळे कॉलेजात सायलॅब असेल तर वरचं बरंचसं तसंच चालेल. ज्युलिया या भाषेत नुसता कोट चिन्ह उलटवणाराच आहे पण टिंब-कोट १.० आवृत्तीपासून काढून टाकलाय, तिथे ट्रान्सपोज शब्द लिहायचा, आणि फक्त डेटा फिरवायचा असेल तर परम्यूटडिम्स. आर नावाच्या भाषेत नुसतं टी नावाचं फंक्शन आहे, ते चिन्ह उलटवत नाही.

पायथनच्या नमपाय या आकड्यांच्या लायब्ररीमधे नावापुढे टिंब आणि कॅपिटल टी लावतात, तेही फक्त फिरवतं, चिन्ह उलटवायचं असेल तर कॉन्ज वेगळं लावावं लागतं. तिथे जाणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा, ऑक्टेव्हमधे प्रत्येक यादी एकतर आडवी असते नाहीतर उभी, नमपायमधे साधी यादी दोन्हीपैकी काहीच नसते, तिला एकच दिशा असते. तिच्यावर टी लावला तर एररही येत नाही आणि काही बदलतही नाही, पाच आकड्यांची यादी पाच आकड्यांचीच राहते. उभी हवी असेल तर तिला रीशेप करून (-१, १) असं माप द्यायचं, त्यातल्या उणे एकचा अर्थ ओळी किती ते तूच मोज आणि कॉलम एक ठेव.